पहिला गेमिंग पीसी: राजारामपुरीच्या दुकानापासून घरच्या प्लगपर्यंत

कोल्हापुरात पहिला गेमिंग पीसी घ्यायला निघालेल्या पोराच्या खिशात एक ठरलेली रक्कम असते, डोक्यात दोन-चार गेमची नावं असतात आणि कानात मित्राचा सल्ला असतो, "भावा, लायटिंगवाला घे, नाद खुळा दिसतोय." हा लेख त्या पोरासाठी आहे. त्याच्या आई-वडिलांनीही वाचावा, कारण पैसे बहुतेकदा त्यांचेच असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पीसीत जे डोळ्यांना दिसतं त्यावर आपल्याकडे भरपूर खर्च होतो आणि जे दिसत नाही ते दुकानदारावर सोडलं जातं. पॉवर सप्लाय दिसत नाही, घरातलं अर्थिंग दिसत नाही, विंडोजचं खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय तेही दिसत नाही. पुढं डोकेदुखी होते ती याच गोष्टींची.

पायरी १: आधी गेम ठरवा

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ असले गोळीबाराचे गेम खेळणाऱ्याला वेग लागतो. स्क्रीन सेकंदाला किती चित्रं दाखवते तो आकडा म्हणजे हर्ट्झ. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर ६.९. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण कोपऱ्याआडून आलेला गडी तुम्हाला कधी दिसणार हे त्यावर ठरतं. हे गेम तसे हलके असतात, मध्यम ग्राफिक्स कार्डावर मजेत चालतात. म्हणजे इथं पैसा चांगल्या स्क्रीनवर घालायचा.

फुटबॉलवाल्यांचं गणित निराळं. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचेस बघत वाढलेल्या पोरांना ईएचा फुटबॉल गेम हवा असतो. फिफाशी करार संपल्यावर २०२३ पासून तो 'एफसी' नावानं येतो. त्याला ६० हर्ट्झची स्क्रीन पुरते, पण कंट्रोलर पाहिजेच. घेताना 'हॉल इफेक्ट' स्टिकचा मिळाला तर बघा. त्यातला सेन्सर चुंबकावर चालतो, घासून झिजत नाही. साध्या स्टिकमध्ये काही काळानं खेळाडू आपोआप एका बाजूला सरकायला लागतो आणि मग घरात भांडणं होतात.

मोठे, कथा असलेले, डोळे दिपवणारे गेम खेळायचे असतील तर बजेटचा सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा लागतो. आणि फक्त बीजीएमआय खेळायचं असेल तर पीसी घेऊच नका. तो मोबाइलचा गेम आहे, चांगला फोन घ्या.

शिक्षणासाठी पुण्याला किंवा हॉस्टेलवर जाणाऱ्यांना लॅपटॉपच बरा. पण एक माहीत असू द्या: लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि डेस्कटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे नावाला एकच असतं. लॅपटॉपमध्ये तेच कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर बसवलेलं असू शकतं आणि कमी वॉटवालं तितकंच मंद असतं. दुकानात "कार्ड किती वॉटचं आहे?" एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून बघा.

पायरी २: 'आय-सेव्हन' ऐकून हुरळू नका

या पायरीवर जरा जास्त वेळ थांबू, कारण नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथं बुडतात.

जाहिरात अशी असते: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, काचेची कॅबिनेट, रंगीत पंखे, आणि किंमत चांगल्या मोबाइलपेक्षा कमी. "लई भारी डील हाय, दोनच पीस राह्यलेत." सांगितलेलं सगळं खरं असतं. सांगत नाहीत ते एवढंच, की तो आय-सेव्हन कितव्या पिढीचा.

इंटेलचा नंबर वाचायला शिका. आय-सेव्हन ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. तो प्रोसेसर २०१२ सालचा आहे. आय-थ्री १२१०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी, हा प्रोसेसर २०२२ सालचा. दोघांतही चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (कामाच्या रांगा). पण दहा वर्षांत एकेका कोअरचा वेग इतका वाढला की नवा आय-थ्री जुन्या आय-सेव्हनला सहज मागं टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं चालतं, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे हा 'लई भारी' पीसी घरी येतो तोच वयोवृद्ध होऊन.

त्यात जोडीला कार्ड असतं ते बहुधा जीटी ७३०, म्हणजे २०१४ सालचं, आणि तेही मंद डीडीआर३ मेमरीचं. '४ जीबी' हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण मेमरी कितीही असली तरी ते कार्ड आजचे गेम ओढत नाही. मदरबोर्ड एच६१ असतो, म्हणजे २०११ चा चिपसेट. म्हातारा बैल रंगवून, शिंगांना बेगड लावून बेंदराच्या मिरवणुकीत उभा करावा, तसला हा पीसी. मिरवायला ठीक, नांगराला जुंपू नका.

म्हणून दुकानात चारच गोष्टी कागदावर लिहून मागा: प्रोसेसरचा पूर्ण नंबर, मदरबोर्डचं मॉडेल, ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण नाव, पॉवर सप्लायची कंपनी आणि मॉडेल. लिहून द्यायला जो दुकानदार कचरतो त्याच्याकडं चहा घ्या आणि पुढच्या दुकानात जा. राजारामपुरीत, शाहूपुरीत, स्टेशन रोडला फिरलात तर सरळ लिहून देणारेही भेटतात, आणि पुढं काही बिघडलं तर हेच लोक उपयोगाला येतात.

पायरी ३: पार्ट्सची यादी

ग्राफिक्स कार्ड आधी. फुल एचडी स्क्रीनसाठी आज ८ जीबी मेमरी ही किमान समजा. आरएक्स ६६०० हे २०२१ चं कार्ड आणि आरटीएक्स ४०६० हे २०२३ चं, दोन्ही मध्यम बजेटात आणि कमी विजेत काम भागवतात. आरटीएक्स ३०६० चा १२ जीबीवाला प्रकार सेकंडहँडमध्ये चांगला मिळाला तर तोही घ्यावा. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र टाळा. ते मदरबोर्डाशी फक्त चार लेननी, म्हणजे माहितीच्या चारच वाटांनी, बोलतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर आणखी मंदावतं.

प्रोसेसरमध्ये एक अक्षर महत्त्वाचं. इंटेलच्या नंबरामागं एफ असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचं ठरवलं असेल तर एफवाला प्रोसेसर आणून स्क्रीन काळीच राहील. उलट ५६००जी किंवा ८६००जी घेतला तर कार्ड येईपर्यंत हलके गेम चालतील. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर सेकंडहँड मिळत असतील तर सावध राहा. त्यातल्या अनेकांना जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होण्याचा त्रास निघाला. इंटेलनं २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांचं अपडेट, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झिजलेली चिप अपडेटनं बरी होत नाही.

एएमडीचा एएम४ सॉकेट (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) २०१६ पासून चालत आलाय, एएम५ २०२२ मध्ये आला. एएम५ ला फक्त डीडीआर५ रॅम चालते. पुढं अपग्रेड करायचं असेल तर एएम५ शहाणपणाचा, हे एरवी मी डोळे झाकून सांगितलं असतं. पण २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉननं तर ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँडच बंद करण्याचं जाहीर केलं. म्हणून हात आखडता असेल तर डीडीआर४ वाला एएम४ पीसी, तोही थोडा वापरलेला, यात आज काही कमीपणा नाही. रॅम कोणतीही घ्या, १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्यांत प्रोसेसरला मेमरीचे दोन रस्ते मिळतात. ५६००जी सारख्या आतल्या ग्राफिक्सवर तर हा फरक डोळ्यांनी दिसतो.

स्टोरेजमध्ये एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट मदरबोर्डावर बसणारी वेगवान डिस्क, घ्या आणि विषय संपवा. कॅबिनेट पुढून जाळीची हवी, काचेची नको, कारण पंख्यांना हवा ओढायला जागा लागते.

आता पॉवर सप्लाय. आपल्याकडं याला सरसकट एसएमपीएस म्हणतात आणि कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला बसवतात. त्यावर '५०० वॉट' छापलेलं असतं. छापायला काय लागतं? उचलून बघा, डबा हलका वाटला तर आत कॉपर, कॅपॅसिटर, हीटसिंक सगळंच कमी आहे असं समजा. डब्यावरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर आहेत ते वाचा आणि बाराने गुणा. खरी ताकद साधारण तेवढीच. ४२ अँपिअर असेल तर ५०४ वॉट. २० अँपिअर असेल तर २४०, मग वर काहीही छापलेलं असो. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो; सुरक्षिततेची हमी तो देत नाही, तरी शिक्काच नसलेल्यापेक्षा बरा. आरटीएक्स ४०६० साठी कंपनी ५५० वॉटची शिफारस करते. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा घ्या. पैसे कमी पडत असतील तर रंगीत पंखे काढा, प्रोसेसर एक पायरी खाली आणा, पण इथं हात लावू नका. वाईट एसएमपीएस जाताना एकटा जाईल याची खात्री नसते.

पायरी ४: नवं की वापरलेलं, आणि बिल

"बिल नको, अठरा टक्के वाचतील" हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. संगणकाच्या पार्ट्सवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यामुळे मोह पडतो. पण वॉरंटी सिरियल नंबरवर आणि बिलावर चालते. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या, घरी गेल्यावर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा, फोटो काढून ठेवा. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की पार्सल पुण्या-मुंबईला जाणार, आणि पाठवायचं काम दुकानदार करणार की तुम्ही, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. दुकानदारानं पुढं हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बिल नसेल तर तिथंही तुमची बाजू लंगडी.

वापरलेलं कार्ड घेताना लोक मायनिंगचं, म्हणजे कार्ड रात्रंदिवस राबवून इथेरियमसारखं क्रिप्टो चलन मिळवण्याचं, नाव काढतात. इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ ला दुसऱ्या पद्धतीवर गेलं आणि कार्डांवरचं त्याचं मायनिंग त्या दिवशी संपलं. त्यानंतर बाजारात जुन्या कार्डांचा पूर आला. माझ्या मते मायनिंगचं कार्ड म्हणजे लगेच कचरा असं नाही. त्याचे पंखे झिजलेले असतात, थर्मल पेस्ट वाळलेली असते, चिप बऱ्याचदा ठणठणीत असते. खरी भीती बनावट कार्डाची. जुन्या कार्डाचं बायोस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्याला नव्या कार्डाचं नाव दिलेलं असतं. जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन जा. असली अनेक बनावट कार्डं तो ओळखतो आणि नावापुढं तसं लिहून दाखवतो. आरएक्स ५८० घेताना त्यात शेडर (चित्र काढणारे छोटे भाग) २३०४ दिसतात की २०४८ ते बघा. २०४८ वालं म्हणजे मुळात आरएक्स ५७० च, भाव त्याचाच द्या.

मग विकणाऱ्यासमोर एखादा जड गेम किंवा फरमार्क हा कार्डावर ताण देणारा प्रोग्राम वीस मिनिटं चालवा. तापमान चढून एका जागी थांबलं पाहिजे, स्क्रीनवर रंगीत ठिपके येता कामा नयेत, पंख्यातून खरखर येता कामा नये. विकणारा "एवढा टाइम न्हाई" म्हणाला तर तुम्हालाही टाइम न्हाई.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात आणखी एक तपासणी मी करतोच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कित्येक घरं-दुकानं पाण्यात होती. मदरबोर्डाच्या स्क्रूवर गंज, कनेक्टरच्या पिनांवर पांढरट-हिरवट थर, बोर्डाच्या खाचांत वाळलेला गाळ दिसला तर किंमत कितीही पाडली तरी सोडून द्या. आज सुरू होतो म्हणजे पुढच्या पावसाळ्यात सुरू होईल असं नाही.

पैसे देता-घेताना युपीआयची जुनी गोष्ट: पैसे मिळवायला पिन लागत नाही. समोरचा क्यूआर पाठवून "पिन टाका, पैसे जमा होतील" म्हणाला की तो चोर. ऑनलाइन जाहिरातींत फौजी असल्याचं सांगून, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवून आगाऊ पैसे उकळायचा प्रकार देशभर चालतो. आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत, म्हणून आपला विश्वास चटकन बसतो. खरा फौजी भेटायला बोलावतो, आगाऊ पैसे मागत नाही.

पायरी ५: घरातला प्लग

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? पेठेतल्या जुन्या घरांत हे सर्रास असतं आणि लोक म्हणतात, "तेवढं चालतंय." चालत नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळायला छोटे कॅपॅसिटर असतात, ते थोडा करंट अर्थला सोडतात. घरात अर्थिंग नसेल तर तो करंट जायला जागा राहत नाही आणि पत्र्यावर मुख्य व्होल्टेजच्या साधारण निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज दिसतं. करंट किरकोळ असतो म्हणून फक्त चुणचुणतं. पण उद्या आत खरोखर काही शॉर्ट झालं तर तीच तुमची पहिली आणि शेवटची सूचना असेल.

वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच दिसले पाहिजेत. तीन पिनांचा सॉकेट दिसतो म्हणजे मागं अर्थची वायर असतेच असं नाही. अर्थच्या भोकातून न्यूट्रलला जोड मारून 'काम चालवणारे' वायरमनही असतात. तसलं करू देऊ नका, न्यूट्रल तुटली की पत्रा थेट फेजवर येतो.

स्टॅबिलायझर बहुतेकांना लागत नाही. चांगला पॉवर सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, डब्यावर तसं लिहिलेलं असेल तर संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी त्याला फरक पडत नाही. लाइट जाते त्यासाठी युपीएस हवा. ६०० व्हीए लिहिलेला युपीएस साधारण ३६० वॉटच देतो, दोन्ही आकडे एकच समजू नका. त्यावर फक्त पीसी आणि स्क्रीन जोडा. लाइट गेल्यावर गेम बंद करून पीसी नीट बंद करण्यापुरता वेळ मिळाला की त्याचं काम झालं. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा.

पायरी ६: विंडोज स्वतः टाका

दुकानातून पीसी 'रेडी' करून मिळतो. त्यात विंडोज असतं, ऑफिस असतं, कधी कधी गेमही. हे बहुधा अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स न घेताच चालू करून देणारा प्रोग्राम, वापरून फोडलेलं असतं आणि ते करताना अँटिव्हायरस बंद केलेला असतो. पुढं त्याच पीसीवर तुम्ही बँकेत लॉगिन करणार, बाबांचं आधार स्कॅन करणार. शिवाय दुकानातला पोरगा घाईत स्वतःच्याच ईमेलवर खातं उघडून देतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, पण खातं त्याचं झालं.

हे किती अडचणीचं आहे ते ऐका. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या, २४एच२ पासून, मायक्रोसॉफ्ट खात्यानं नव्यानं बसवल्या की डिस्क आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करतात. तिची रिकव्हरी की ज्या खात्यानं सेटअप केला त्या खात्यात जाते. उद्या बायोस अपडेट केलं किंवा मदरबोर्ड बदलला की निळी स्क्रीन ती ४८ आकडी की मागते. की दुकानातल्या पोराच्या खात्यात, आणि पोरगा नोकरी सोडून गेलेला. तुमचे फोटो, प्रोजेक्ट, सगळं आतच.

तेव्हा ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, एखाद्या मित्राच्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि विंडोज नव्यानं टाका. लायसन्स लगेच परवडत नसेल तर विंडोज अ‍ॅक्टिव्हेट न करताही चालतं. कोपऱ्यात खूण दिसते, वॉलपेपर बदलता येत नाही, गेम मात्र चालतात. फोडलेल्या विंडोजपेक्षा ही खूण मला शंभरदा पत्करली. खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, टू-स्टेप (पासवर्डनंतर मोबाइलवरची दुसरी खात्री) चालू करा, रिकव्हरी की कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा.

सेटअपमध्ये विंडोज एकामागून एक प्रश्न विचारतं: लोकेशन, जाहिरातींचा आयडी, टायपिंगची माहिती. सगळ्यांना 'नको' म्हणा, काही अडत नाही. नंतर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडून ऐच्छिक डायग्नोस्टिक माहिती बंद आहे ना ते बघा. आवश्यक तेवढी माहिती ते पाठवतंच, होम आवृत्तीत ती बंद करता येत नाही. वनड्राइव्ह तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स परस्पर वर चढवत असेल तर तोही ठरवून चालू किंवा बंद करा. खासगीपणा म्हणजे सगळं बंद करून बसणं असं मी मानत नाही, पण काय जातंय ते माहीत असावं.

पायरी ७: पहिला तास

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा. मागं मदरबोर्डवरही तसंच भोक असतं, तिथं लावली तर महागडं कार्ड झोपून राहतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडा. विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं आणि लोक वर्षभर तसेच खेळतात. मदरबोर्डाच्या बायोसमध्ये जाऊन रॅमच्या वेगाचं सेटिंग एक्सएमपी, एएमडीवर एक्सपो किंवा डीओसीपी, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालते. ड्रायव्हर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या साइटवरूनच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचे फुकट प्रोग्राम लागत नाहीत.

पायरी ८: गेम आणि तुमची माहिती

व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो, २०२० पासून. चीटिंग पकडायला तो विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो आणि पीसी सुरू होतानाच जागा होतो, गेम उघडा वा न उघडा. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू लागतं. ईएचा फुटबॉल गेमही फिफा २३ पासून असाच गाभ्यातला पहारेकरी आणतो. काउंटर-स्ट्राइक २ चं व्हॅक तसं नाही. मी यावर टोकाची भूमिका घेत नाही. चीटर नसलेली मॅच हवी असेल तर काहीतरी द्यावं लागतं. पण त्याच पीसीवर घरच्या दुकानाचा हिशेब किंवा क्लाएंटची कागदपत्रं असतील तर मी गाभ्यात बसणाऱ्या पहारेकऱ्याचा गेम टाकणार नाही. व्हॅलोरंट काढायचा असेल तेव्हा गेमबरोबर व्हॅनगार्डही वेगळा अनइन्स्टॉल करावा लागतो.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खातं उघडलं की पहिलं काम स्टीम गार्ड, म्हणजे त्याचं टू-स्टेप, मोबाइलवर चालू करणं. गेम आवडला नाही तर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. नवख्यांना हे माहीतच नसतं. पैसे युपीआयनं भरा, कार्ड सेव्ह करू नका. फुटबॉल गेममध्ये खेळाडूंचे पॅक विकत घ्यायची खेच मोठी असते आणि सेव्ह केलेलं कार्ड बाबांचं असतं.

खातं चोरीला जायच्या वाटा ठरलेल्या. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर मित्राच्या नावानं मेसेज येतो, "आमच्या टीमला व्होट कर" किंवा "माझा नवीन गेम टेस्ट कर". लिंकवर स्टीमसारखंच दिसणारं लॉगिनचं पान असतं, किंवा फाइल असते जी ब्राउझरमधली लॉगिनची ओळखच उचलून नेते. ती गेली की पासवर्डही लागत नाही, टू-स्टेपही उपयोगाचं नाही. फोडलेले गेम आणि चीट यांतूनही हेच येतं. असं झालं तर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, मग आपल्या पीसीवर विंडोज नव्यानं टाका. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता आली तरच काही हाती लागतं.

पालकांच्या दोन शंकांना उत्तर देऊन टाकतो. "गेम आता बेकायदा झालेत ना?" नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. साधे गेम आणि ई-स्पोर्ट्स त्यात येत नाहीत, उलट ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे. दुसरी, "पोराच्या नावानं खातं उघडलं तर?" डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात १८ च्या खालचा प्रत्येक जण बालक धरलाय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची आहे. म्हणून वय खोटं टाकून देण्यापेक्षा खातं शेजारी बसून उघडा. खरं नाव, शाळेचं नाव, गल्लीचं नाव प्रोफाइलमध्ये नको. हेडफोनवर अनोळखी माणूस "कुठला रे तू?" म्हणाला तर "कोल्हापूर" एवढं पुरे.

पायरी ९: पावसाळा, धूळ आणि विकताना

उद्यमनगरच्या आसपास राहत असाल तर कारखान्यांची बारीक धूळ फिल्टरवर लवकर साचते, ती झटकत राहा. पावसाळ्यात पीसी महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तासभर चालवा. आतल्या उबेनं ओल धरत नाही. जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका. दिवाळीच्या साफसफाईत घरचा ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या जोरावर पंखा बेफाम फिरला तर बेअरिंग जातं.

पुढं कधी विकायचा झाला तर स्टीममधून सगळी उपकरणं काढून टाका, मायक्रोसॉफ्ट खात्याच्या यादीतून पीसी काढा, आणि 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'क्लीन डेटा'ही चालू करा. नुसतं डिलीट केलेले फोटो परत काढता येतात. घेणाऱ्याला मूळ बिल आणि खोकी द्या. भाव चांगला येतो, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर त्याला पुन्हा तुम्हाला फोन करावा लागत नाही.